विश्लेषण : उपचार मोफत, तरी राजापूरच्या रुग्णाचा खर्च का थांबत नाही?

सरकारी दवाखान्यातील उपचारांना आता पैसे लागत नाहीत. मोठ्या आजारासाठी पाच लाखांपर्यंतचे आरोग्य कवचही आहे. ‘सगळे फुकट देणे राज्याला परवडेल का’ आणि ‘पैसा सरकारी रुग्णालयांवर खर्च करावा की विम्यावर’ असे दोन वाद त्यामुळे सतत सुरू असतात. सह्याद्रीच्या पायथ्यापासून जैतापूरच्या खाडीपर्यंत पसरलेल्या राजापूर तालुक्यात मात्र प्रश्न वेगळा आहे. उपचार मोफत आहेत, पण ते मिळतात किती दूर?

मोफत म्हणजे नेमके काय?

राज्य मंत्रिमंडळाच्या निर्णयानुसार 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासण्या आणि उपचार नि:शुल्क झाले. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय या सर्वांना तो लागू आहे. वैद्यकीय शिक्षण विभागाच्या महाविद्यालयांचा मात्र त्यात समावेश नव्हता. रत्नागिरीत 2023-24 मध्ये 100 जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि जिल्हा रुग्णालय त्याला जोडले गेले. त्यामुळे रत्नागिरीत जाणाऱ्या रुग्णाने कशाला शुल्क आहे आणि कशाला नाही, हे केसपेपर काढतानाच विचारून घेतलेले बरे.

आरोग्य कवचाचे काय?

2012 मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पुढे राज्यभर गेली आणि 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. सुरुवातीला पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेपुरती असलेली ही योजना आता पांढऱ्या शिधापत्रिकेसह सर्वांसाठी खुली आहे. दीड लाखांची मर्यादाही कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांवर गेली आहे.

मात्र, हे कवच प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या, ठरलेल्या यादीतील उपचारांसाठी आहे. मधुमेह किंवा रक्तदाबाची रोजची गोळी त्यात बसत नाही. शिवाय उपचार योजनेशी संलग्न रुग्णालयातच घ्यावे लागतात आणि मोठ्या शस्त्रक्रिया करणारी अशी रुग्णालये मुख्यतः शहरांत आहेत. राजापूरकरासाठी याचा अर्थ रत्नागिरी, कोल्हापूर किंवा मुंबई.

मग खर्च कुठे होतो?

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 75 व्या फेरीतील (2017-18) आकडे बोलके आहेत. देशाच्या ग्रामीण भागात सरकारी रुग्णालयात एकदा दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च 4,290 रुपये होता, तर खासगी रुग्णालयात 27,347 रुपये. बाळंतपणाचा खर्च यात धरलेला नाही. म्हणजे सरकारी रुग्णालय सहा पटींहून स्वस्त, पण फुकट नाही. बाहेरून आणलेली औषधे आणि बाहेर केलेल्या तपासण्या ही त्याची नेहमीची कारणे.

प्रवासाचा खर्च वेगळाच. राजापूर ते रत्नागिरी हे अंतर महामार्गाने सुमारे 65 किलोमीटर आहे. पाचल, रायपाटण किंवा जैतापूर परिसरातून निघणाऱ्याला आधी राजापूर गाठावे लागते. अणुस्कुरा घाटातून कोल्हापूरचा रस्ता आहे, पण पावसाळ्यात दरडींमुळे तो भरवशाचा राहत नाही.

एका फेरीत रुग्णाचा आणि सोबतच्या माणसाचा, अशा दोघांचा दिवस जातो. रोजगार हमीच्या 2025-26 मधील 312 रुपये दराने हिशेब केला तरी 624 रुपयांची मजुरी बुडते. त्यात भाडे आणि जेवण आलेले नाही. महिलांना एसटीत निम्मे तिकीट आणि 75 वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास या सवलती परिवहन खात्याच्या, पण कोकणात त्या आरोग्याच्याही सवलती ठरतात. रात्री-अपरात्री मात्र एसटी नसते. अशा वेळी 108 ची रुग्णवाहिका मिळाली नाही, तर खासगी गाडी करावी लागते.

डॉक्टर का मिळत नाहीत?

नियमानुसार डोंगराळ भागात 20 हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि 80 हजारांमागे एक 30 खाटांचे रुग्णालय असायला हवे. तालुक्यात राजापूर आणि रायपाटण येथे ग्रामीण रुग्णालये आहेत. जैतापूर, धारतळे, ओणी अशा ठिकाणी प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत. म्हणजे इमारतींचे जाळे आहे, खरी अडचण माणसांची आहे.

देशभरात या दर्जाच्या ग्रामीण रुग्णालयांत तज्ज्ञ डॉक्टरांची कमतरता सुमारे 80 टक्के आहे. सिझेरियनसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्त या तिन्ही गोष्टी एकाच वेळी लागतात. एक नसली तरी बाकीच्या दोघांचा उपयोग होत नाही आणि रुग्णाला पुढे पाठवावे लागते. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांना एक वर्षाची सेवा किंवा 10 लाखांचा दंड असे बंधपत्र आहे. त्यातून वर्षभरासाठी डॉक्टर मिळतो, तज्ज्ञ नव्हे.

सरकार किती खर्च करते?

2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत सरकारी आरोग्य खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 2.5 टक्क्यांवर नेण्याचे आणि राज्यांनी अर्थसंकल्पातील 8 टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्याला देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यानुसार 2021-22 मध्ये केंद्र आणि राज्यांचा एकत्रित खर्च 1.84 टक्के होता. त्याच वेळी एकूण आरोग्य खर्चात लोकांनी खिशातून भरलेला वाटा 2013-14 मधील 64.2 टक्क्यांवरून 39.4 टक्क्यांवर आला. सुधारणा मोठी आहे, तरीही शंभरातले 39 रुपये कुटुंबच भरते.

वादात कोणाचे बरोबर?

विम्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा असा, की रुग्णाला रुग्णालय निवडता येते आणि सरकार झालेल्या उपचारापुरतेच पैसे देते. शहरात हे पटते, पण जिथे निवडायला दुसरे रुग्णालयच नाही तिथे कार्ड खिशातच राहते. सरकारी यंत्रणेच्या बाजूने बोलणारे तमिळनाडूचे उदाहरण देतात. तिथे 1990 च्या दशकात औषध खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले आणि सरकारी दवाखान्यांतील औषधपुरवठा सुधारला. महाराष्ट्रानेही 2023 मध्ये अशा खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा केला. मात्र, नुसते शुल्क माफ करून औषध आणि डॉक्टर येत नाहीत, हा टीकाकारांचा मुद्दाही खरा आहे.

हिशेब सरळ आहे. ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञाचे पद रिकामे राहिले, तर सरकारचा पगार वाचतो, पण तोच खर्च गाडीभाडे, बुडालेली मजुरी आणि खासगी रुग्णालयाचे बिल होऊन रुग्णाच्या घरी जातो. तो कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी ‘आरोग्यावर किती कोटी’ ही घोषणा ऐकताना राजापूर आणि रायपाटणच्या रुग्णालयांत किती पदे भरली, हे विचारणे अधिक उपयोगाचे.

हे लक्षात ठेवा

तातडीच्या रुग्णवाहिकेसाठी 108, आरोग्यविषयक सल्ला आणि तक्रारीसाठी 104, तर फुले योजनेच्या माहितीसाठी 155388 हे क्रमांक आहेत. योजनेसाठी शिधापत्रिका आणि आधार कार्ड सोबत ठेवावे.