मतदारांचा नव्हे, पक्षाचा अडथळा

चित्रा मुद्गल यांच्या ‘पोस्ट बॉक्स नं. 203 नाला सोपारा’ या हिंदी कादंबरीला 2018 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. किन्नरांच्या जगण्यावरची कादंबरी, अशीच तिची ओळख सहसा करून दिली जाते. मला ही ओळख अपुरी वाटते. मुद्गल यांनी मुंबईच्या कामगार चळवळीत काम केलेलं आहे. संघटना माणसाला उभं कसं करते आणि वापरून कसं घेते, हे त्यांनी जवळून पाहिलं आहे. ती नजर या कादंबरीत पानोपानी जाणवते. तृतीयपंथी माणसाची राजकारणातली वाट अडते ती मतदारापाशी पोचण्याच्या कितीतरी आधी, पक्षाच्या दारात आणि त्याच्याही आधी स्वतःच्या घरात. माझ्या मते या पुस्तकाचं खरं म्हणणं हे आहे.

कादंबरी पत्रांतून उलगडते. विनोद हा गुजराती घरातला हुशार मुलगा. तो कोवळ्या वयात हिजड्यांच्या हवाली होतो आणि बिन्नी होतो. पुढे दिल्लीहून तो आपल्या ‘बा’ला पत्रं लिहितो. घरच्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून आईने नालासोपाऱ्याच्या टपाल कार्यालयात पेटी घेतलेली असते. टाळी वाजवून पोट भरायला तो नकार देतो. एक आमदार त्याला हाताशी धरतो, काम देतो, शिकायला मदत करतो. या उपकारामागचा हिशेब हळूहळू उघडा पडतो. पक्षाला आरक्षणाची मागणी करणारा किन्नर चेहरा हवा आहे, कारण त्या मागणीमागे मतं आहेत. विनोद मात्र सभेत स्वतःचं बोलतो. वेगळा रकाना नको, आईबापांनी मुलं टाकू नयेत आणि टाकलेली परत घरी न्यावीत, असं तो मागतो. पक्षाच्या कामाचा माणूस त्या क्षणी पक्षाची अडचण होतो. त्याची मैत्रीण पूनम हिच्यावर आमदाराचा पुतण्या आणि त्याचे मित्र अत्याचार करतात, तेव्हा तर आमदाराने दिलेल्या आसऱ्याची किंमत वाचकाला लख्ख दिसते. शेवटी आई वर्तमानपत्रात जाहीर माफी मागून मुलाला घरी बोलावते, आणि त्याच सुमारास एका अनोळखी किन्नराचा मृतदेह सापडल्याची बातमी येते.

हे सारं कल्पित म्हणून बाजूला ठेवता आलं असतं, पण प्रत्यक्षातला पुरावाही त्याच दिशेने जातो. मध्य प्रदेशातल्या सोहागपूरच्या मतदारांनी 2000 मध्ये तृतीयपंथी शबनम मौसी यांना आमदार केलं. कटनीत कमला जान महापौर झाल्या. त्यांची निवड न्यायालयात रद्द ठरली, कारण जागा महिलांसाठी राखीव होती आणि कायद्याच्या लेखी त्या पुरुष होत्या. लोकांनी दिलेलं पद एका रकान्याने काढून घेतलं. 2014च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘नालसा’ खटल्यात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, आणि 2015 मध्ये रायगढ शहराने मधू किन्नर यांना महापौर केलं. तरी जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक इथे अंजली पाटील यांचा महिला राखीव जागेवरचा अर्ज निवडणूक अधिकाऱ्याने फेटाळलाच. जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो निर्णय फिरवला. त्या उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. गावाला त्यांचं वावडं नव्हतं. अडवलं होतं ते कागदाने.

कादंबरीवरचे आक्षेप मात्र वजनदार आहेत. विनोदची आरक्षणविरोधी भूमिका चळवळीच्या मागणीच्या उलट जाते. ‘नालसा’ निकालाने या समाजाला सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून आरक्षण द्यायला सांगितलं होतं. शिक्षण आणि नोकरीची दारं बंद असताना राखीव जागा नाकारणं न परवडणारं आहे, आणि इथे मी चळवळीच्या बाजूने आहे. पण त्यामुळे विनोदची दुसरी मागणी खोटी ठरत नाही. 2019च्या केंद्रीय कायद्याने, न्यायालयाचा आदेश असल्याखेरीज पारलिंगी असल्याच्या कारणावरून मुलाला आईवडिलांपासून तोडता येणार नाही, असं कलम घातलं. कादंबरी आली ती 2016 मध्ये. म्हणजे ज्या गोष्टीसाठी विनोद पक्षाला नकोसा झाला, ती तीनच वर्षांत कायद्यात लिहिली गेली. ती पाळली जाते का, हा प्रश्न घराघराला विचारावा लागेल. आरक्षण आणि घर यांतलं एकच निवडा, असं या समाजाला सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. विनोद स्वतःकडे शरीरातला दोष म्हणून पाहतो. हिजड्यांच्या घराण्यांमधली गुरू-चेल्यांची माया, त्यांची शिस्त, त्यांचं एकमेकांना सांभाळणं त्याला फारसं दिसत नाही. जन्मतः शरीररचना वेगळी असणं आणि मनाने वेगळ्या लिंगाचं असणं या दोन गोष्टीही पुस्तकात सरमिसळ होतात. बाहेरून, कितीही कळवळ्याने, लिहिणाऱ्याची ही मर्यादा आहे. नायकाला मारल्यामुळे वाचक हळहळतो, पण निवडून आल्यावर सभागृहात बसून तो काय करील, हा प्रश्न अर्ध्यावर राहतो. त्या प्रश्नावर लिहायला मराठीत माणसं आहेत. दिशा पिंकी शेख या कवयित्री आहेत, आणि वंचित बहुजन आघाडीने त्यांना 2019 मध्ये प्रवक्तेपद दिलं होतं. गावच्या निवडणुकीत अर्ज भरणारे, फेटाळले जाणारे, कोर्टात जाऊन परत येणारे तृतीयपंथी उमेदवारही आपल्याच जिल्ह्यांत आहेत. मराठी संपादकांनी आणि प्रकाशकांनी आता त्यांच्याकडे आत्मचरित्राखेरीज कादंबरीही मागावी.