ग्वाल्हेरला अपघात झाला तरी दावा आपल्या जिल्ह्यात लावता येतो



उत्तरेला जाणारी मासळीची गाडी मुंबई-आग्रा रोडने शिवपुरी, ग्वाल्हेर करत जाते. गाडीवर क्लीनर आपलाच पोरगा. तिकडे अपघात झाला की घरचे आधी विचारतात, "कोर्टासाठी एवढ्या लांब किती खेपा मारायच्या?"

मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 प्रमाणे जखमी माणूस राहतो तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही अर्ज चालतो. मुदत मात्र अपघातापासून सहा महिने. तिकडच्या ठाण्यातून एफआयआरची नक्कल, इस्पितळाचे कागद, औषधांची बिलं तेवढी आणाच.

खरी अडचण येते कमाई दाखवताना. खलाशाला वाटा मिळतो, पगाराची स्लिप कुठून आणणार? मग विमा कंपनी कमाई कमी धरायला बघते. म्हणून वाट्याचा हिशोब वहीत लिहा, पैसे बँकेत घ्या. बोटमालकांनो, हे तुमच्या हातात आहे. सोसायटीतली मासळी विक्रीची नोंदही पुरावा म्हणून जोडता येते.

ठोकून पळालेली गाडी सापडलीच नाही, तर गंभीर जखमीला 50 हजार, मृताच्या वारसांना 2 लाख मिळतात. तो अर्ज मात्र अपघात झाला त्याच तालुक्यात द्यावा लागतो, म्हणजे इथं ग्वाल्हेरची खेप चुकत नाही.

वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, फोन 15100. बायका, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना तिथं उत्पन्नाची अट नाही. इस्पितळाच्या दारात टक्क्यावर केस मागणारे भेटतात, त्यांना कोऱ्या कागदावर सही देऊ नका.

विक्रीच्या नोंदीचा दाखला लागला तर सभासद क्रमांक घेऊन ऑफिसात या.