कंबरेचे दुखणे आणि दुकानातील गोळी

बीदरलगतच्या मैलूरपासून कलबुर्गीच्या तुरीच्या शिवारांपर्यंत, वाकून खुरपणाऱ्या आणि उसाच्या मोळ्या वाहणाऱ्या माणसांची कंबर धरणे ही कोणाला बातमी वाटत नाही. मराठवाड्यातून सीमेपलीकडील कारखान्यांवर जाणाऱ्या तोडणी मजुरांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक खाडा झाला तरी तो हिशेबात धरला जातो. अशा माणसाला 'विश्रांती घ्या' हा सल्ला परवडत नाही. काही रुपयांची गोळी त्याला दुसऱ्या दिवशी फडात उभे करते, म्हणून तो ती घेतो, महिनोन्‌महिने घेतो.

डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या वेदना वाढविणारी प्रोस्टाग्लँडिन्स शरीरात तयार होऊ देत नाहीत. ॲस्पिरिनसारख्या औषधांचे हे मर्म जॉन व्हेन यांनी १९७१ साली उलगडले. दुर्दैवाने तीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षण करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तप्रवाहही सांभाळतात. म्हणून पोटात व्रण होतो, आणि कित्येकदा पोट न दुखताच शौचाला काळी होते. उन्हात घाम गळून पाणी कमी झालेल्या शरीरात मूत्रपिंडावरील संकट अधिकच गडद होते. रक्तदाबाची औषधे चालू असणाऱ्यांनी तर फारच जपले पाहिजे. हृदयविकाराच्या धोक्यामुळे रोफेकॉक्सिब हे गाजलेले औषध २००४ साली जगभर मागे घ्यावे लागले, हेही विस्मरणात जाऊ नये.

जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती हजारोंनी मेली, तेव्हा २००६ साली सरकारने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. ते योग्यच झाले. माणसाचे मूत्रपिंड गिधाडाइतके नाजूक नाही, हे खरे. परंतु माणसासाठी असलेला 'शेड्यूल एच'चा नियम, म्हणजे चिठ्ठीशिवाय हे औषध न विकण्याचा दंडक, बहुतेक दुकानांच्या फळीवर केवळ छापील अक्षरांत उरला आहे. नाव नसलेल्या पुड्यांची गोष्ट तर याहून वाईट. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात व्यायाम, दुखण्याची नीट समजूत आणि मानसिक आधार यांना स्थान आहे. या गोळ्यांनाही आहे, पण बेताने. अफूजन्य औषधे व कमरेचे पट्टे मात्र तिने नाकारले. पाय लुळा पडणे, लघवी अडणे ही लक्षणे दिसताच गोळीच्या भरवशावर न राहता रुग्णालय गाठावे.

हा सारा भार मजुराच्या शहाणपणावर टाकून चालणार नाही. गळीत हंगामात कारखान्यांनी तोडणी मजुरांच्या टोळ्यांपर्यंत डॉक्टर आणि पिण्याचे पाणी पोहोचवावे, दीर्घकाळ गोळ्या घेणाऱ्यांच्या रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे आणि डॉक्टरने सांगितलेल्या विश्रांतीच्या दिवसाचा खाडा मुकादमाने धरू नये. औषध निरीक्षकांनीही सीमेच्या दोन्ही बाजूंच्या दुकानांची विक्रीपुस्तके याच महिन्यांत उघडून पाहावीत.