आरशातली वेल : आकृतीचे परावर्तन, मागावर आणि संगणकावर

भिवंडीसारख्या मागांच्या गावात येऊन नक्षीविषयी बोलणे म्हणजे गुरूची विद्या गुरूलाच शिकविण्यासारखे आहे. तरीही हा विषय निवडला, त्याला कारण आहे. संगणकाला शब्दांत आणि आकड्यांत आज्ञा लिहून चित्र काढावयाचे, व त्यातील अर्धी आकृती उलटवून उरलेली अर्धी मिळवावयाची, ही विद्या आज तरुणांना नवी आणि परकी वाटते. परंतु तिचे मर्म डॉबीच्या मागावर फार दिवसांपासून नांदत आहे.

प्रथम मागाकडे पाहू. डॉबीवर उभे धागे ज्या चौकटींतून ओवलेले असतात, अशा आठ चौकटी आहेत असे समजा. पहिला धागा पहिल्या चौकटीत, दुसरा दुसरीत, याप्रमाणे आठवीपर्यंत जाऊन पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली, तर नक्षी दर आठ धाग्यांनी जशीच्या तशी येते. पण आठवीपर्यंत जाऊन तेथून सातवी, सहावी, पाचवी असे परत दुसरीपर्यंत उतरले, तर नक्षी आरशात पाहिल्यासारखी उलटते, आणि चौकटी आठच असूनही तिचा फेरा मोठा होतो. किती मोठा? आठ दुणे सोळा असे कोणीही म्हणेल; परंतु उत्तर चौदा आहे. हे दोन कोठे गेले, याचा उलगडा भूमितीच करील.

आता संगणकाकडे वळू. त्यावर चित्र दोन प्रकारे साठविता येते. एक प्रकार ठिपक्यांचा, वर्तमानपत्रातील छायाचित्रासारखा; तो मोठा केला की ठिपके दिसू लागतात. दुसरा प्रकार रेषांचा. यात चित्र साठवीत नाहीत, ते काढण्याची कृती साठवितात : अमुक बिंदूपासून निघा, तमुक बिंदूपर्यंत वळत जा. अशी कृती लिहिण्याची एसव्हीजी नावाची पद्धत २००१ साली प्रमाण म्हणून मान्य झाली. वळणाच्या रेषांसाठी फ्रान्समधील रेनॉ मोटार कारखान्यातील अभियंते पिएर बेझिए यांनी १९६० नंतरच्या दशकात रूढ केलेली युक्ती वापरतात. मोजके बिंदू दिले की त्यांवरून सबंध वळण ठरते. ते बिंदू तेवढे उलटवा, वळण आपोआप उलटते. कोयरीची सारी कड पुन्हा रेखाटण्याचे कारण राहत नाही.

बिंदू उलटवावयाचा कसा? आरसा शून्यावर उभा असेल, तर उजवीकडे ७ अंतरावरचा बिंदू डावीकडे ७ वर जातो. म्हणजे आडव्या अंतराचे चिन्ह बदलते, उंची तीच राहते. आरसा दुसरीकडे असेल, तर त्याच्या स्थानाची दुप्पट करावी व त्यातून बिंदूचे अंतर वजा करावे. आरसा ८ वर ठेवला, तर १६ मधून ७ गेले, ९ उरले. म्हणजे सातव्याचे प्रतिबिंब नववा. आणि आठव्याचे? १६ मधून ८ गेले, ८ च उरले. जो धागा आरशावरच उभा आहे, त्याचे प्रतिबिंब तो स्वतःच होय.

येथे आपले कोडे सुटते. ओवणीत एक आरसा पहिल्या धाग्यावर आहे, दुसरा आठव्यावर. हे दोन्ही धागे एका फेऱ्यात एकेकदाच येतात. दोन समांतर आरशांत एकामागून एक प्रतिबिंब घेतले, की आकृती आरशांमधील अंतराच्या दुप्पट सरकते. येथे अंतर ७, म्हणून फेरा १४. जकार्डवर ४०० हूक असले, तर याच हिशेबाने ७९८ धाग्यांची नक्षी निघते. मात्र आरसा चुकून साडेआठवर ठेवला, तर आठवा धागा नवव्या जागी पुन्हा येतो, दोन सख्खे शेजारी एकदमच उचलले जातात, आणि नक्षीच्या मध्यभागी जाड रेघ उमटते. संगणकावर अर्ध्या घराची ही चूक दिसतही नाही; कापडावर ती वारभर पसरते.

आज्ञांचा क्रमही असाच जपावा लागतो. एसव्हीजीत ‘१६ ने सरकव’ ही आज्ञा आधी आणि ‘उलटव’ ही नंतर लिहितात. पण बिंदूवर शेवटची आज्ञा प्रथम चालते. म्हणून ७ चा आधी उणे ७ होतो, मग ९. आज्ञांची अदलाबदल केली तर ७ चा २३ होतो, मग उणे २३. आणि आकृती कागदाच्या डाव्या कडेबाहेर नाहीशी होते. नवशिक्याला वाटते, यंत्र बिघडले. यंत्र बिघडलेले नसते. त्याने सांगितले तेच केलेले असते.

आरसा तिरपाही ठेवता येतो. रुमालाच्या कोपऱ्यात काठ वळवावयाचा, तर कर्णावर आरसा धरावा. मग आडवे अंतर आणि उंची यांची फक्त अदलाबदल होते. दोन आरसे ४५ अंशांत एकमेकांना छेदून ठेवले, की एका पाकळीपासून आठ पाकळ्यांची रांगोळी तयार होते.

परंतु सर्वच गोष्टी उलटविण्याजोग्या नसतात. परावर्तनाने लांबी बदलत नाही, कोनाचे माप बदलत नाही. बदलते ती दिशा. उजव्या पायाची चप्पल डाव्या पायाची होते, स्वस्तिकाची वळणे उलट फिरतात, आणि अक्षरे वाचता येत नाहीत. छपाईच्या लाकडी ठशावर कारागीर अक्षरे मुद्दाम उलटी कोरतो, कारण छापणे हेच एक परावर्तन आहे; दोनदा उलटले की सुलटे होते. संगणकाला मात्र वेल कोणती आणि नाव कोणते, हे आपण सांगितल्यावाचून कळत नाही. काठ उलटविताना त्यात विणावयाचे नाव बाजूला काढून ठेवणे, हे माणसाचे काम.

जकार्डने १८०४ साली छिद्रांच्या पुठ्ठ्यांनी माग चालविला. तीही लिहून ठेवलेली आज्ञाच होती. संगणकाची विद्या या गावाच्या मुलांना परकी मानण्याचे कारण नाही. ज्याला पहिलीपासून आठवीपर्यंत चढून दुसरीपर्यंत उतरता येते, त्याने तिची पहिली पायरी ओलांडलेलीच आहे. पुढच्या पायऱ्यांसाठी थोडी भूमिती आणि एक चौकटीची वही एवढ्यावर प्रारंभ करता येईल.