एकवीस दिवसांचे स्वातंत्र्य

2 सप्टेंबर 2025ला व्हिएतनामच्या स्वातंत्र्यघोषणेला 80 वर्षे झाली. आपल्याकडे व्हिएतनाम म्हटले की अमेरिकेचे युद्ध आठवते. जरा जास्त वाचलेल्याला फ्रेंचांचा दिएन बिएन फूचा पराभव. 1945चा सप्टेंबर कुणाच्या गावीही नसतो. ही विस्मृती मला बोचते, कारण त्या महिन्यात सैगॉनच्या रस्त्यांवर बंदुका घेऊन उभे राहिलेले जवान भारतीय होते. स्वातंत्र्य 1954ला मिळाले असे म्हणणे अपुरे आहे. ते 1945लाच मिळाले होते. दक्षिणेत ते एकवीस दिवसांत हिसकावले गेले आणि पुढची नऊ वर्षे त्याची किंमत मोजण्यात गेली.

1858ला दा नांगवर फ्रेंच तोफा डागल्या गेल्या, 1887ला इंडोचायना नावाची वसाहत उभी राहिली आणि मीठ, दारू व अफू यांची सरकारी मक्तेदारी शेतकऱ्याच्या मानेवर बसली. 1930चे येन बायचे बंड गिलोटिनखाली संपले. बंड, दडपशाही आणि पुन्हा बंड या चाकोरीतून देश बाहेर पडला तो भुकेमुळे. 1944-45च्या दुष्काळाने उत्तर व्हिएतनाममध्ये किमान चार लाख माणसे गिळली. व्हिएतनामी आकडा वीस लाखांचा आहे. वादळांनी पीक बुडाले होतेच, पण महायुद्धात देशात घुसलेल्या जपान्यांनी आणि फ्रेंच अंमलदारांनी उरलेला तांदूळ सक्तीने उचलला, भाताच्या जमिनीत ताग लावायला लावला आणि दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बहल्ल्यांनी रेल्वे तुटल्यामुळे दक्षिणेतले धान्य वर पोचेना. अशा वेळी हो चि मिन्ह यांच्या व्हिएत मिन्ह या स्वातंत्र्य आघाडीचे कार्यकर्ते गावकऱ्यांना घेऊन धान्याची कोठारे फोडत होते. हो यांच्यामागे लोक का गेले, याचे उत्तर मार्क्सच्या ग्रंथांपेक्षा या कोठारांत सापडते. 19 ऑगस्टला हनोई त्यांच्या हाती आले, महिनाअखेर सम्राट बाओ दाई यांनी राजपद सोडले आणि 2 सप्टेंबरला बा दिन्ह चौकात घोषणा वाचली गेली.

शरण आलेल्या जपान्यांची शस्त्रे उतरवण्यासाठी दोस्तांनी देश सोळाव्या अक्षांशावर वाटला होता. उत्तरेत चिनी फौज आली, दक्षिणेत जनरल डग्लस ग्रेसी यांची विसावी भारतीय डिव्हिजन. 13 सप्टेंबरला सैगॉनला उतरलेल्या ग्रेसींनी सुमारे आठवड्याभरात लष्करी कायदा पुकारला आणि जपान्यांच्या कैदेतून सुटलेल्या फ्रेंच सैनिकांच्या हाती शस्त्रे दिली. 23 तारखेच्या पहाटे त्या फ्रेंचांनी नगरभवन आणि पोलीस ठाणी बळकावली. त्यानंतर भडकलेल्या लढाईत भारतीय जवानांच्या जोडीला, ज्यांची शस्त्रे उतरवायची होती ते जपानीच उभे केले गेले.

ग्रेसी शिपाईगडी होते, शहरात अराजक होते आणि फ्रेंच आज ना उद्या परत आलेच असते, असा बचाव केला जातो. अराजक खोटे नव्हते. 25 सप्टेंबरच्या सुमारास सैगॉनमध्ये फ्रेंच बायका-मुलांची हत्या झाली आणि तिचे समर्थन होऊ शकत नाही. पण उत्तरेकडे पाहा. चिनी फौजेने लूट भरपूर केली, तरी हो यांचे सरकार उखडले नाही. ते सरकार डिसेंबर 1946पर्यंत हनोईत टिकले. त्याने 6 जानेवारी 1946ला निवडणुका घेतल्या, साक्षरतेची मोहीम काढली आणि परत दुष्काळ पडू नये म्हणून पडीक जमिनीत रताळी-मका लावून घेतला. सैगॉनमध्येही हे होऊ शकले असते. फ्रेंच आले असते, पण त्यांना समुद्रावरून लढत यावे लागले असते. शहर ताटात वाढून मिळाले नसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: व्हिएत मिन्हने राष्ट्रवादी आणि ट्रॉट्स्कीवादी प्रतिस्पर्ध्यांना ठार केले, जमीनसुधारणेच्या नावाखाली निरपराध मारले. हे खरे आहे आणि झाकू नये. पण म्हणून परक्यांची सत्ता न्याय्य ठरत नाही. युद्धाने मवाळांची जागाच संपवली आणि ते युद्ध उत्तरेतल्या हायफाँग बंदरावर तोफा डागून फ्रेंचांनी ओढवून आणले. 1954पर्यंत त्याचा बहुतेक खर्च अमेरिका उचलत होती. समोर व्हिएत मिन्हकडे होत्या सायकली: बांबू जोडून लांब केलेले हँडल, सांगाड्यावर दोन-दोनशे किलोंचे ओझे आणि शेजारून रात्रभर डोंगर चढणारा, सायकल ढकलणारा माणूस. छप्पन दिवसांनी, 7 मे 1954ला दिएन बिएन फू पडले.

भारतीय सैनिक तेव्हा गुलाम देशाचे, हुकमाचे ताबेदार होते, हे मान्य. नेहरूंनी त्यांच्या वापराचा निषेध केला होता आणि ऑक्टोबर 1954मध्ये ते पंतप्रधान म्हणून हनोईला गेले. त्याने आपली लाज थोडी कमी होते, इतिहास बदलत नाही. ग्रेसींच्या याच डिव्हिजनने इम्फाळला जपान्यांना रोखले, ते आपण अभिमानाने सांगतो. सांगताना पुढे तिचा एक मुक्काम सैगॉनला होता, हेही मुलांना सांगा.