ठोका वर, उत्तर खालून!

दोस्तांनो, आर्वीकडच्या एखाद्या वावरातल्या विहिरीत कठड्याआडून डोकावून बघा. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळाभोर खडक. हा खडक म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा!

काळी माती कपाशीला मानवते, घराला नाही. मे महिन्यात ती भेगाळते, पावसात फुगते आणि वरच्या भिंतींना तडे जातात. म्हणून तर आपल्या जुन्या माणसांनी शेतीची 'काळी' आणि वस्तीची 'पांढरी' वेगवेगळी ओळखली.

पण पूल बांधायचा तर तो नदीवरच बांधावा लागतो, जागा निवडायला वाव थोडा. मग खडक किती खोल आहे, हे कळायला जागोजाग खड्डे खणायचे का? त्याआधी एक घण घेऊ या!

जमिनीवर जाड लोखंडी प्लेट ठेवतात आणि तिच्यावर घणाचा ठोका. दण्ण! त्या ठोक्यातली जवळजवळ दोन तृतीयांश ऊर्जा जमिनीच्या पाठीवरून धावणाऱ्या लाटांत जाते. अशा लाटा असल्याच पाहिजेत, हे लॉर्ड रॅले यांनी 1885 साली नुसत्या गणितानं दाखवलं. म्हणून त्या रॅले लाटा. भूकंपातही त्या असतातच.

त्या टिपायला एका रांगेत बहुधा 24 जिओफोन रोवतात. प्रत्येकाच्या पोटात चुंबक आणि तारेचं वेटोळं. जमीन थरथरली की तारेत इवलीशी वीज उमटते.

खरी गंमत पुढेच आहे. आखूड लाट वरच्या काळ्या मातीतच राहते. लांब लाटेचा पसारा खाली मुरूम-खडकापर्यंत पोचतो, म्हणून ती जोरात पळते. शंकरपटातली बैलजोडी टणक मातीवर उधळते आणि चिखलात रेंगाळते ना, तसंच! निघाल्या एकाच ठोक्यातून, पण वाटेत पुढेमागे झाल्या. कोण किती वेगानं पोचली, यावरून संगणक प्रत्येक थर किती घट्ट आहे ते काढतो. हा घट्टपणा थराला आडवं हलवणाऱ्या दुसऱ्या एका लाटेच्या वेगात सांगतात: ती मऊ मातीत सेकंदाला 180 मीटरही जात नाही, खडकात 760 मीटरच्या पुढे जाते. वजन तितकंच असताना वेग दुप्पट, तर घट्टपणा चौपट!

एक मात्र लक्षात ठेवा. सुकलेली काळी माती टणक, भिजलेली मऊ. त्यामुळे तपासणीच्या नोंदीत महिना लिहायलाच हवा.

आता तुमची पाळी. अंगणात पाण्याची वाटी ठेवा, चार पावलांवर मित्राला उडी मारायला सांगा आणि पाण्याकडे बघा. मग हेच वावरात करा. पाणी कुठे जास्त थरथरलं, ते तारीख घालून वहीत लिहून ठेवा.