सर्पाहारासाठीं उंदरांची पैदास

आमच्या एका वर्गणीदारांनीं विचारलें आहे कीं, शहरांत राहणाऱ्या त्यांच्या चिरंजीवांनीं आफ्रिकेंतील 'बॉल पायथन' जातीचा बिनविषारी साप पाळला असून, त्याच्या आहारासाठीं मळ्यांत उंदीर पोसतां येतील काय? ज्याच्या नायनाटासाठीं आपण वर्षभर झटतों तोच प्राणी पोसावयाचा, हें ऐकून कित्येकांस हसूं येईल. परंतु प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

प्रथम कायदा. नाग, धामण, अजगर इत्यादि देशी साप घरीं बाळगण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मनाई आहे. बॉल पायथनसारख्या परदेशी जातींची नोंदणी २०२४ च्या नियमांप्रमाणें करावी लागते. ती झाली आहे ना, हें अगोदर पहावें.

शेतांत सांपळ्यानें धरलेला उंदीर सापास कधींही घालूं नये. त्याच्या पोटांत झिंक फॉस्फाइड किंवा ब्रोमॅडिओलोन असल्यास तें विष सापासही बाधतें. शिवाय अशा उंदरांच्या मूत्रांतून लेप्टोस्पायरोसिसचा ताप माणसांस जडतो. याकरितां पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यांत वाढलेल्या पांढऱ्या उंदरांचेंच बीज घ्यावें.

एक नर व दोन माद्या एवढें भांडवल पुरें. मादी २१ ते २३ दिवसांत विते, एका वेळीं सुमारें ८ पिलें देते, आणि व्याल्यावर एका दिवसाच्या आंतच पुन्हा गाभण राहूं शकते. पिलें तीन आठवड्यांनीं आईपासून तोडावीं, आणि पांच आठवड्यांच्या आंत नर व माद्या वेगळ्या कराव्या. नाहीं तर भावंडांतच वीण सुरू होते.

आतां हिशोब. पूर्ण वाढलेल्या एका सापास पंधरवड्यास एक उंदीर पुरतो, म्हणजे वर्षास २६. दोन माद्या वर्षांतून दोनदां व्याल्या तरी ३२ पिलें मिळतात. मर धरूनही गरज भागते. तेव्हां मादी गाभण राहतांच नर वेगळा काढावा. यांत आळस केल्यास थोड्याच महिन्यांत पिंजरे, दाणा व दुर्गंधी हीं तिन्ही आवरेनाशीं होतात.

उंदराचे दांत जन्मभर वाढतात व तो लांकूड कुरतडतो; म्हणून पिंजरा लोखंडी जाळीचा, पण तळ भरीव असावा. तळाशीं कागदाचे तुकडे पसरून ते आठवड्यांतून दोनदां बदलावे. न बदलल्यास मूत्राच्या अमोनियानें फुप्फुसाचे रोग बळावतात. मोठ्या उंदरास रोज १५ ते २० ग्रॅम खाद्य व सदैव स्वच्छ पाणी लागतें. उष्णता ३० अंशांवर गेल्यास पैदास मंदावते, म्हणून जागा थंड, आणि धान्याच्या कोठारापासून दूर असावी.

जिवंत उंदीर सापापुढें सोडूं नये. साप भुकेला नसल्यास उंदीरच त्यास चावून जखमी करतो. यातना न होतां उंदीर मारण्याची रीत पशुवैद्यांकडून शिकून घ्यावी. मारलेले उंदीर शीतपेटींत गोठवून ठेवावे व देतांना कोमट पाण्यांत पुरते वितळवावे.

विणीचा हा वेग पिंजऱ्यांत पाहिल्यावर, कणगींत शिरलेल्या एका गाभण मादीकडे केलेलें दुर्लक्ष किती महाग पडतें हें शेतकऱ्यास निराळें सांगावें लागणार नाहीं. आपल्या बांधावरील धामण दाणा-पिंजऱ्यावांचून तेच उंदीर खाऊन आपलें पीक राखीत असते. तिच्यावर काठी उगारण्यापूर्वीं आमच्या वाचकांनीं हा हिशोब एकदां आठवावा, एवढीच विनंती.